बादलीभर राजस्थान

स्वस्तात प्रवास करणाऱ्या माणसाची आपल्याकडे जेवढी टिंगल होते, तेवढी फक्त दुसऱ्याच्या लग्नात तीनदा जिलबी मागून घेणाऱ्याचीच होत असेल. महागड्या हॉटेलात उतरून आलेला माणूस राजस्थान 'करून' येतो. धर्मशाळेत उतरून आलेला राजस्थानला नुसता 'जाऊन' येतो. पहिल्याला लोक विचारतात, "काय काय पाहिलंत?" दुसऱ्याला विचारतात, "फार हाल झाले का हो?" आणि उत्तराची वाट न पाहता त्याच्या बायकोकडे सहानुभूतीनं बघतात.

माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे आणि ते मी आज ठासून सांगणार आहे. वाळवंट पाहायचं असेल तर ते स्वस्तातच पाहायला हवं. महागात वाळवंट दिसत नाही. नुसतं दिसत नाही एवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. ज्याचे पैसे त्याचे डोळे. पण महागात पाहिलं की वाळवंटाचं नुकसानही होतं. आठ-साडेआठशे वर्षांचा एक अख्खा किल्ला पाहुण्यांच्या आंघोळींनी पोखरला जातोय, आणि तरी आपण हॉटेलात शिरताना पहिला प्रश्न विचारतो, "गरम पाणी चोवीस तास आहे ना?" म्हणून हा लेख.

या वादात माझ्या विरुद्ध बाजूला माझे साडू आहेत. साडू हे नातंच मुळी तुलनेसाठी निर्माण झालं आहे. एकाच थंडीत, पंधरा दिवसांच्या अंतरानं, आम्ही दोघांनी जोधपूर, जैसलमेर आणि बिकानेर ही तीच तीन गावं पाहिली. ते विमानानं गेले, मी स्लीपरच्या डब्यातून. त्यांना चार दिवस पुरले, मला बारा लागले. त्यांचा खर्च ते न विचारता सांगतात. माझा खर्च मी सांगितला तर कुणी विश्वास ठेवत नाही.

माझ्या बाजूला आहे खजिनदार. खजिनदार म्हणजे माझा पंचेचाळीस वर्षांचा मित्र. कॉलेजात असताना एक वर्ष मेसचा हिशेब त्याच्याकडे होता आणि वर्षअखेर चक्क सत्त्याण्णव रुपये शिल्लक राहिले. मेसच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. त्यामुळे काही मुलांना यात मोठी अफरातफर असावी असा संशय आला. तेव्हापासून त्याचं खरं नाव फक्त त्याच्या रेशनकार्डावर उरलं आहे. या माणसाची साठी दोन वर्षांवर आली आणि नेमकी २०२० साली रेल्वेनं ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद केली. तोंडाशी आलेला घास गेला. आजही तिकीट काढताना तो एक दीर्घ श्वास घेतो, आणि खिडकीतल्या माणसाला वाटतं की म्हाताऱ्याला दम्याचा त्रास आहे.

खजिनदाराचे प्रवासाचे नियम तीन. एक, रिक्षा करायची ती पाय थकल्यावर. थकतील म्हणून आधी नाही. दोन, गावातले लोक जे खातात ते खायचं, आणि ते उभ्यानं खात असतील तर आपणही उभ्यानंच. तीन, आंघोळीला दोघांत मिळून एक बादली. हा तिसरा नियम चिकटपणातून आलेला नाही. १९७२ च्या दुष्काळात हा नगर जिल्ह्यातल्या आपल्या गावी दहा वर्षांचा पोरगा होता आणि आईबरोबर पाण्याच्या रांगेत उभा राहत होता. काही माणसांच्या अंगात संगीत मुरलेलं असतं, याच्या अंगात ती रांग मुरली आहे. नळ टपटपताना ऐकू आला तर तो दुसऱ्याच्या घरातसुद्धा पंगतीवरून उठतो.

असा माणूस बरोबर असला की प्रवासाला एक वेगळीच दृष्टी येते. जोधपूरच्या मेहरानगडाचंच बघा. राव जोधानं हा किल्ला १४५९ साली बांधायला घेतला. साडूंना विचाराल तर ते तिथल्या पालख्या, हौदे, तलवारी आणि फूलमहालातलं सोनं यांचं वर्णन करतील. ते सगळं आम्हीही पाहिलं. तिकीट काढून, दोनदा पाहिलं. पण खजिनदार जिथं थबकला ती जागा वेगळी होती. किल्ल्याच्या टेकडीवर म्हणे चिडियानाथ नावाचा एक साधू राहत होता. त्याला तिथून उठवलं, तेव्हा जाता जाता त्यानं शाप दिला, की या गडाला पाण्याची टंचाई पडेल. ही गोष्ट ऐकून खजिनदार पाच मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, "शाप बघ कसला दिलाय. निर्वंश होशील, राज्य बुडेल, असलं काही नाही. पाणी मिळणार नाही म्हणाला. माणसाला आपला मुलूख ठाऊक होता!"

खरं आहे. हाच शाप कुणी कोकणात दिला असता तर लोकांनी छत्री उघडून त्याला घरी पोचवलं असतं.

आणि गंमत अशी, की पुढची पाच शतकं जोधपूरनं या शापाला उत्तर देण्यात घालवली. किल्ल्याच्या पायथ्याशी राणीसर आणि पदमसर हे तलाव आहेत. डोंगराच्या उघड्या खडकांवर पडलेला पाऊस चर काढून तलावांकडे वळवलेला होता. शहरात ठिकठिकाणी पायऱ्यांच्या विहिरी आहेत. त्यांना तिथं बावडी नाहीतर झालरा म्हणतात. १७४० च्या दशकात एका राणीनं बांधलेला तूरजी का झालरा तर दगडातलं नक्षीकाम बघत तास घालवावा असा आहे. खजिनदारानं तो घालवला. एकेका पायरीवर बसत तो पार तळाशी गेला आणि तसाच वर आला. साडूही तिथं गेले होते, पण समोरच्या कॉफीच्या दुकानात. त्यांनी आम्हाला जो फोटो दाखवला, त्यात पुढं साडू आहेत, मागं झालरा आहे आणि फोटोखाली लिहिलंय, 'राजेरजवाड्यांचा स्विमिंग टँक'.

मी म्हणतो की महागात वाळवंट दिसत नाही, ते हे असं. स्विमिंग टँकची सवय लागलेल्या डोळ्यांना पाणी म्हणजे पोहण्याचीच वस्तू वाटते.

याच जोधपुरात आम्ही आणखी एक प्रकार पाहिला. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून निघून इंदिरा गांधी कालवा थरच्या वाळवंटात येतो आणि त्याचं पाणी पंपांनी चढवत चढवत नव्वदच्या दशकापासून जोधपूरला आणलं जातं. चांगलं झालं, बायकांच्या डोक्यावरचे हंडे उतरले. पण नळ आला आणि बावड्या-विहिरींतून उपसा करणारे हात थांबले. परिणाम असा झाला, की जमिनीखालची पाण्याची पातळी वर येत गेली आणि जुन्या शहरात लोकांच्या तळघरांत पाणी शिरायला लागलं. वाळवंटातला माणूस तळघरातलं पाणी उपसून गटारात सोडतोय आणि त्याच वेळी दुसरं पाणी शेकडो मैलांवरून येतंय. आम्हाला हे कुणी गाइडनं सांगितलं नाही. मिरचीवड्याच्या गाडीवर शेजारी उभ्या असलेल्या एका दुकानदारानं सांगितलं. त्याचा कापडाचा माल भिजला होता. मिरचीवडा खायला गाडीवर उभं राहिलं नसतं तर ही गोष्ट कळलीच नसती. नियम क्रमांक दोनचा हा विजय आहे, असं खजिनदारानं डायरीत लिहून ठेवलं.

उमेदभवन राजवाडा आम्ही पाहिला तो त्याच्या संग्रहालयाच्या भागापुरता. साडूंनी तिथं चहा घेतला. हा वाडा १९२९ ते १९४३ या काळात बांधला, आणि बांधायला काढण्याचं एक कारण म्हणजे दुष्काळात पोळलेल्या लोकांच्या हाताला काम. "म्हणजे रोजगार हमी!" खजिनदार म्हणाला. "आमच्या गावाला दुष्काळी कामावर पाझर तलाव झाला. इथं तीनशे सत्तेचाळीस खोल्यांचा वाडा झाला. राजा असो की सरकार, दुष्काळात दगडच फोडायला देतात." मग जरा थांबून म्हणाला, "पण दिलं हो. दिलं हे महत्त्वाचं." साडूंनी चहाचं बिल जपून ठेवलं आहे, ते दाखवतात.

आता जैसलमेर. इथं माझा खरा मुद्दा आहे, तेव्हा वाचकांनी जरा सावरून बसावं.

जैसलमेरचा किल्ला रावळ जैसलानं ११५६ साली वसवला. पिवळ्या दगडाचा, उतरत्या उन्हात सोन्यासारखा दिसणारा. सत्यजित राय यांनी १९७४ साली 'सोनार केल्ला' हा सिनेमा इथं काढल्यापासून बंगाली माणसं तिथं काशीला जावं तशी जातात. पण या किल्ल्याचं खरं वैशिष्ट्य म्हणजे तो जिवंत आहे. आपले किल्ले म्हणजे चार तोफा, एक पाण्याचं टाकं आणि भिंतीवर कोरलेली प्रेमिकांची नावं. इथं किल्ल्याच्या आत हजारो माणसं राहतात. पोरं शाळेत जातात, गाई गल्लीत आडव्या बसतात, पापड वाळत घातलेले असतात आणि त्यांच्यामधून पाचशे वर्षांपूर्वीच्या जैन मंदिरांचे कळस डोकावतात.

स्टेशनावर उतरल्याबरोबर एका चुणचुणीत पोरानं आम्हाला गाठलं. "साब, किले के अंदर रूम. अटॅच बाथ, चौबीस घंटे गरम पानी."

भाडं बेताचंच होतं. मला वाटलं खजिनदार तयार होईल. पण त्यानं पोराला एकच प्रश्न विचारला, "पानी जाता किधर है?"

पोरगं चक्रावलं. आजवर हजार पाहुण्यांनी त्याला पाणी येतं का, एवढंच विचारलं असणार. जातं कुठं हे विचारणारा पहिलाच भेटला. त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "जाता है साब... नीचे."

या 'नीचे'मध्ये सगळी गोम आहे. किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे ती अखंड कातळाची नाही. वालुकाश्म आणि चिकणमातीचे थर आहेत. सह्याद्रीतल्या काळ्या पत्थरावर पाणी ओता, तो हसतो. इथं पाणी मुरलं की माती फुगते, घसरते, आणि वरची भिंत भेगाळते. बांधणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. पावसाचं पाणी चारी दिशांना किल्ल्याबाहेर काढून देणारी नाल्यांची व्यवस्था त्यांनी केली होती. आणि घरातल्या पाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते खालून हंड्यानं डोक्यावर वाहून आणावं लागे. डोक्यावरून चढवलेलं पाणी कुणी सांडत नाही. मग नळ आले, नळापाठोपाठ पाहुणे आले, पाहुण्यांपाठोपाठ अटॅच बाथ आले. हंड्याच्या हिशेबानं बांधलेलं गाव शॉवरच्या हिशेबानं वापरायला लागलं. त्यात गटारं गळकी. पाणी टेकडीच्या पोटात गेलं. १९९६ साली जागतिक पातळीवर धोक्यातल्या वास्तूंची जी यादी निघाली, तिच्यात जैसलमेरचं नाव लागलं. १९९८ साली भिंतीचा भाग कोसळून माणसं मेली. २०१३ साली युनेस्कोनं राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात हा आहे. आणि २०२४ च्या पावसात त्याच्या भिंतीचा आणखी एक भाग ढासळला. सगळा दोष पाहुण्यांचा नाही. पाऊस आहे, जुनी बांधकामं आहेत, दुरुस्तीची दिरंगाई आहे. पण पावसाला आपण काही सांगू शकत नाही. पाहुण्याला सांगू शकतो.

आम्ही किल्ल्याखाली, गावात, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरी खोली घेतली. सातशे रुपये रोज. त्यांना सगळे बाऊजी म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. पहिल्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून एकच बादली मागितली तेव्हा बाऊजींनी आमच्याकडे असं पाहिलं, की दूरचे नातेवाईक अचानक सापडावेत. त्या एका बादलीनं आम्हाला जैसलमेर उघडून दिलं. मग रोज संध्याकाळी ते अंगणात बसून सांगत. पूर्वी आंघोळ खाटेवर बसून करत आणि खाली परात ठेवत. परातीतल्या पाण्यात कपडे भिजवत. कपड्यांचं उरलेलं पाणी झाडाला नाहीतर जमिनीवर शिंपडायला. भांडी घासायची ती कोरड्या वाळूनं. तूप सांडलं तर काही बिघडत नाही, पाणी सांडलं तर जीव जळतो, अशी त्यांच्याकडे म्हणच आहे. पाण्याचे प्रकार तीन. आकाशातून पडलेलं, तलाव-टाक्यांत साठवलेलं ते पालर पाणी. खोल विहिरीतलं, बहुधा खारट, ते पाताळपाणी. आणि वाळूत मुरलेलं, पण खाली खडियाचा थर लागल्यानं पाताळपाण्यात न मिसळता ओलाव्यासारखं अडून राहिलेलं ते रेजाणी पाणी. हे तिसरं पाणी अरुंद तोंडाच्या कुईत थेंबथेंब झिरपतं.

"आपल्याकडे दोनच प्रकार," खजिनदार मला म्हणाला. "आलं आणि नाही आलं."

साडूंना यातलं काही कळलं नाही, यात साडूंचा काय दोष? ते किल्ल्यात उतरले होते आणि त्यांच्या खोलीला बाथटब होता. बाथटबमध्ये बसलेल्या माणसाला रेजाणी पाणी कोण समजावून सांगणार?

जैसलमेरच्या गडसीसर तलावावर ते गेले, तिथल्या नावेत बसले. चौदाव्या शतकापासून गावाची तहान भागवणारा हा तलाव. नळ येण्याआधी सगळं गाव याच पाण्यावर होतं. त्याच्या काठावर एक देखणी वेस आहे. तिची कथा अशी सांगतात, की टीलों नावाच्या गणिकेनं ती बांधली. गणिकेच्या वेशीखालून राजानं कसं जायचं, म्हणून पाडायची भाषा सुरू झाली. तेव्हा तिनं वेशीवर कृष्णाचं देऊळ बसवून टाकलं. मग कुणाची पाडायची छाती? ही कथा ऐकून आम्ही दोघं इतके हसलो की बाऊजींना कळेना काय झालं. त्यांना काय सांगणार, की बाऊजी, आमच्याकडे महानगरपालिकेच्या हद्दीत ही विद्या घराघरांत आहे!

जैसलमेरजवळ कुलधरा नावाचं ओसाड गाव आहे. पालीवाल ब्राह्मणांचं. एकोणिसाव्या शतकात ते सोडून गेले. एका रात्रीत गेले, शाप देऊन गेले, तिथं भुतं आहेत, असं सांगतात आणि त्या भुतांवर तिकडच्या जीपवाल्यांची पोटं चालतात. साडू भूत पाहायला गेले. दिसलं नाही म्हणून जरा नाराज आहेत. पण पालीवालांची खरी करामत गावाबाहेर आहे. तिला खडीन म्हणतात. खडकाळ उताराच्या खालच्या अंगाला लांबच लांब मातीचा बांध घालायचा. पावसाळ्यात वरचं सगळं पाणी वाहत येऊन बांधाला अडतं, जमिनीत मुरतं. आणि थंडीत त्या ओलीवर गहू आणि हरभरा निघतो. वर्षाला जेमतेम वीस सेंटीमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात गहू! खजिनदारानं त्या बांधावर उभं राहून हात जोडले. जीपवाल्याला वाटलं, याला भूत दिसलं.

आता साडूंचा मुख्य आक्षेप. आक्षेप वजनदार आहे, म्हणून तो त्यांच्याच शब्दांत देतो. "तुमच्यासारखे सगळे सातशेच्या खोलीत राहायला लागले तर त्या लोकांनी खायचं काय? आम्ही पैसा सोडतो म्हणून ते राजस्थान चाललंय."

पर्यटनावर तिथली चुली पेटतात, हे शंभर टक्के खरं. हॉटेलं बंद करा असं मी म्हणतच नाही. पण पैसा सोडणं आणि पाणी सोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. साडू ती एकत्र करतात. आणि पैसा कुठं सोडायचा याचंही एक शास्त्र आहे. सम इथं, जैसलमेरहून चाळीसेक किलोमीटरवर, वाळूच्या टेकड्या आहेत. तिथं संध्याकाळी एक मांगणियार गायला. कमायचा नावाचं तंतुवाद्य मांडीशी घेऊन त्यानं असा काही सूर लावला, की खजिनदारासारखा माणूससुद्धा घड्याळ बघायचं विसरला. गाणं संपल्यावर यानं पाकिटातून पाचशेची नोट काढली. मी डोळे चोळले. पंचेचाळीस वर्षांत ही नोट मी त्याच्या हातून फक्त बँकेत भरताना पाहिली होती. "काटकसर आपल्या खाण्यापिण्यात करायची असते," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या मजुरीत केली तर ती चोरी." साडूंना मी नंतर विचारलं, तुम्ही गायकाला काय दिलंत? तर म्हणाले, "तो दोनशे मागत होता, मी शंभरात पटवला." आणि तेवढं सांगून झाल्यावर बाथटबचं वर्णन पुढं चालू.

वाचकहो, एवढाच फरक आहे. स्वस्तात राहणारा माणूस आणि स्वस्त माणूस यांत लोक नेहमी गल्लत करतात.

बिकानेरला आम्ही शेवटी गेलो. जुनागड पाहिला; तो टेकडीवर नाही, सपाटीवर आहे, म्हणून खजिनदाराच्या गुडघ्यांनी त्याला विशेष पसंती दिली. याच बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांनी सतलजचं पाणी कालव्यानं आणलं. ती गंगनहर १९२७ साली सुरू झाली. ती बघायला कुणी जात नाही, कारण तिच्यावर नक्षी नाही. बिकानेरला लोक जातात भुजियासाठी. आता हा भुजिया कशाचा असतो? मूळ बिकानेरी भुजिया असतो मटकीच्या पिठाचा. मटकी! आपली मिसळीतली! हे कडधान्य थोड्याशा पावसावर येतं, म्हणून ते तिथलं. बाजरी तशीच. मारवाडात बाजरीच्या भाकरीला सोगरा म्हणतात आणि तो लसणाच्या चटणीशी खाताना खजिनदाराला आपल्या गावी गेल्यासारखं वाटलं. केर आणि सांगरी ही झुडपाझाडांवरची फळं नि शेंगा. वाळवून वर्षभर ठेवायच्या. ते ताट म्हणजे पाण्याच्या हिशेबाचं पुस्तकच आहे. साडूंच्या सहलीबरोबर मराठी आचारी होता. त्यामुळे ऐन वाळवंटात त्यांना पहिल्या दिवशी आमटी-भात, दुसऱ्या दिवशी आमरस-पुरी आणि तिसऱ्या दिवशी मोदक मिळाले. वाळवंटात मोदक! उंटानंसुद्धा मान फिरवून पाहिलं असेल.

आता कुणी म्हणेल, एवढा आवाज कशाला? राजस्थानचं पाणी राजस्थानवाले बघून घेतील. तुम्ही आपले भुजिया खा.

नाही, इथं मी गप्प बसणार नाही. कारण हा प्रश्न राजस्थानचा मुळी नाहीच. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, हे आपण पेपरात वाचलं, हळहळलो, आणि पान उलटलं. लातूरला सरासरी पाऊस जैसलमेरच्या तिपटीहून जास्त पडतो. ज्या मुलखात ढग दिसला तर लोक घराबाहेर येऊन बघतात, तिथं खडिनीतून गहू निघाला; आणि त्याच्या तिप्पट पाऊस पडणाऱ्या आमच्या गावाला आगगाडी पाणी पाजते. तिथं राजस्थानातही सगळं आलबेल आहे असं नाही. २०२२ साली पालीला जोधपूरहून रेल्वेनंच पाणी न्यावं लागलं. तिथली नवी पिढीही नळ बघून झालरा विसरते आहे. पण निदान त्यांच्याजवळ विसरायला काहीतरी आहे. आपल्याकडचे आड कधीच बुजले, आणि त्यांच्यावर कोणाची कोणती इमारत उभी आहे हेही कुणी सांगत नाही.

आपण दर थंडीत लाखांनी तिकडं जातो. ज्या मुलखानं कमी पाण्यात राजवाडे, मंदिरं, गाणी आणि शंभर तऱ्हेचे पदार्थ उभे केले, त्या मुलखात जाऊन आपण फेटा बांधून फोटो काढतो, आणि परत येताना तिथून फक्त रजई आणतो. शिकण्यासारखी एक गोष्ट होती, तीच हॉटेलच्या मोरीतून वाहून जाते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. राजस्थानला जरूर जा. जमेल तर स्वस्तात जा. नसेल जमत तर महागात जा, पण गायकाला पटवू नका आणि किल्ल्याच्या आत अंघोळीला मुक्काम करू नका. हॉटेलात शिरल्यावर गरम पाणी चोवीस तास आहे का, हे विचारायच्या आधी खजिनदाराचा प्रश्न विचारा. उत्तर 'नीचे' असं आलं, तर बॅग उचला आणि गावात उतरा. खाली एखादे बाऊजी भेटतील. आणि परत आल्यावर हाच प्रश्न आपल्या सोसायटीच्या सभेत विचारा. तिथं उत्तर मिळणार नाही, उलट लोक तुम्हाला खजिनदार करतील. घाबरू नका, पद वाईट नाही. वर्षअखेर सत्त्याण्णव रुपये शिल्लक राहतात.